पाळ चालणारा माणूस

पावसाळ्यात आमच्या गावात तलावाबद्दल दोन प्रश्न विचारले जायचे. पहिला सगळेच विचारत: किती भरला? दुसरा फक्त माझा आजा विचारायचा, आणि तोही पाळीच्या मागून चक्कर मारून आलेल्या माणसाला.

"मांगचा पानी कसा आये? निरमर का गढूर?"

झाडीबोलीत ळ नाही. म्हणून निर्मळचं निरमर होतं, गढूळचं गढूर होतं आणि तलावाच्या पाळीला जुनी माणसं पार म्हणतात. 'निरमर' असं उत्तर आलं की आजा जेवायला बसायचा. 'गढूर' आलं की कंदील उचलून स्वतः निघायचा. हा प्रश्न धरणशास्त्रातला किती मुळातला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी, मातीच्या धरणांबद्दलची पुस्तकं वाचताना कळलं. शाळा न पाहिलेला तो माणूस सगळ्या विषयाचं सार तीन-चार शब्दांत विचारत होता.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. आम्ही हे इतक्या सहज म्हणतो की त्याचा अर्थ निसटून जातो. गोसीखुर्दचं धरण डोळ्यांत भरतं: वैनगंगेवरचं, ३३ दरवाज्यांचं, अकरा किलोमीटरहून लांब, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं. चांदपूर, बघेडा, बेटेकर बोथली, सोरणा ही मध्यम प्रकल्पांची नावंही वर्तमानपत्रांत येतात. पण जिल्ह्याचं खरं पाणी साठतं ते गावोगावच्या माजी मालगुजारी तलावांत, ज्यांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही 'मामा तलाव' म्हणतात, आणि त्याहून लहान अशा बोड्यांत. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बहुतेकांची पाळ दोन-तीन पुरुष उंचीची. साकोलीहून लाखांदूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला जे मोहाआंजनाचं लांबट टेकाड दिसतं, ती अनेकदा टेकडी नसते, पाळ असते. तिच्या पलीकडे पाणी असतं आणि अलीकडे, पाण्याच्या पातळीहून खाली, गाव.

आम्ही या तलावांकडे धानाचं पाणी म्हणून पाहतो. रोवणीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा तुडूम, म्हणजे पाळीतली पाणी सोडायची मोरी, उघडायचं, धान निसवण्याआधी एक पाणी द्यायचं, उन्हाळ्यात गाळपेर घ्यायची. पण त्यांचं आणखी एक काम आहे, जे कुठल्याच नोंदीत लिहिलेलं नसतं. वर्षाला तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, आणि त्यातला बराचसा चार-दोन झडींत कोसळणाऱ्या या भागात, वरच्या जंगलातून धावत आलेलं पाणी अडवून ते सांडव्यावाटे सावकाश खाली सोडणं. एका तलावाचा सांडवा हाच खालच्या तलावाचा येवा. त्याचा सांडवा पुढच्या बोडीत. अशी माळ शेवटी चुलबंदीला किंवा वैनगंगेला मिळते. पूर माळेतल्या प्रत्येक मण्यापाशी थोडा थोडा थांबतो.

माळेचा धोकाही तिथेच आहे. वरचा तलाव फुटला तर त्याचं सगळं पाणी एकदम खालच्यावर येतं, आणि खालच्याचा सांडवा तेवढ्यासाठी कधीच बांधलेला नसतो. ऑगस्ट १९७५मध्ये चीनच्या हनान प्रांतात बानच्याओ धरण फुटलं, तेव्हा त्या भागातली लहानमोठी मिळून साठच्या वर धरणं गेली. आमच्या बोड्यांची त्या धरणाशी बरोबरी नाही, पण एकाखाली एक बांधलेल्या मातीच्या बांधांचं गणित तिथेही तेच आणि इथेही तेच.

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो महापूर आला तो वेगळा. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात पाणी शिरलं. त्या पुरापुढे गावतळ्यांचं काही चाललं नसतं. पण तिथे निदान दरवाजे होते, पातळी मोजणारी माणसं होती, कोणाला फोन करायचा ते ठरलेलं होतं. गावच्या तलावाला यातलं काहीच नाही. तो फुटतो तेव्हा त्याची पहिली बातमी पाणीच घेऊन येतं.

हे तलाव बांधणारे कोहळी. चांद्याच्या गोंड राजाने काशीची यात्रा केली, तिथे या लोकांचं पाण्याचं कसब पाहिलं आणि त्यांना इकडे आणून वसवलं, अशी परंपरागत कथा आहे. ती शब्दशः खरी असो नसो, नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध ही नावं खरी आहेत. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ लिहिणाऱ्या रसेलनेही वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तलावांचं श्रेय कोहळ्यांनाच दिलं. नवेगावबांध (१ मे १९९९पासून गोंदिया जिल्ह्यात) कोलू पाटलाने बांधला असं मानतात. कोलासूर म्हणून लोक त्याला पुजतात. तलाव बांधणाऱ्याचा देव करणारा मुलूख आहे हा.

पण बांधणाऱ्याइतकाच राखणारा महत्त्वाचा होता, आणि त्याचं देऊळ कुठे नाही. मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, पण राखण गावाची. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणं, बुजलेला पाट मोकळा करणं, सांडव्याचे दगड बसवणं, पावसात रात्री फेरी मारणं, ही कामं घरटी वाटलेली असत. त्या व्यवस्थेत वेठ होती, अन्याय होता. मालगुजारांच्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१पासून तलाव सरकारजमा झाले, हे न्याय्यच झालं. मात्र त्या कायद्याने मालकी बदलली तेव्हा राखणीचं काय, हे कुणी ठरवलं नाही. तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे गेले. गावाने म्हटलं, आता सरकारचा आहे. सरकारकडे एका उपअभियंत्यामागे इतके तलाव की पावसाळ्याआधी प्रत्येक पाळीवरून एकदा चालून येणंसुद्धा कठीण. माझा आजा १९५१नंतरही चालत राहिला, कारण त्याचं घर आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाळीच्या खाली होत्या. त्याच्या पिढीनंतर कुणी चाललं नाही. मीही नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो.

मातीचा प्रत्येक बांध पाझरतो. मागच्या पायथ्याशी ओल दिसली की लोक घाबरतात किंवा मग अजिबात लक्ष देत नाहीत. दोन्ही चूक. माती म्हणजे कणांमधल्या बारीक पोकळ्यांचं जाळं. समोर पाण्याचा दाब असताना थोडं पाणी त्यातून येणारच. पाणी स्वच्छ येत असेल तर बांधातलं काही वाहून जात नाहीये. गढूळ येत असेल तर बांध आतून खाल्ला जातोय. खाण्याची सुरुवात मागून होते. पायथ्याशी जिथे पाणी बाहेर पडतं तिथला कण आधी सुटतो, मग त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा. बोटाएवढी नळी पाण्याच्या दिशेने उलटी सरकत जाते. ती जसजशी लांबते तसतशी पाण्याची वाट आखूड होते, वेग वाढतो, भूक वाढते. ज्या क्षणी नळी समोरच्या पाण्याला भिडते, त्यानंतर हातात फार वेळ उरत नाही. अमेरिकेतलं टीटन धरण मातीचंच, नव्वद मीटरहून उंच, तज्ज्ञांनी बांधलेलं. ५ जून १९७६च्या सकाळी त्याच्या अंगातून गढूळ पाणी येताना दिसलं आणि दुपारी बाराच्या आत ते फुटलं.

यावरचा इलाज गाळणीचा आहे. पायथ्याशी वाळू, मग बारीक गिट्टी, मग दगड अशा क्रमाने थर दिले तर पाणी निघून जातं आणि माती अडते. नव्या धरणांत ही गाळणी बांधतानाच घालतात. जुन्या पाळींत ती नाही. तिथे पाळीची रुंदीच कामाला येत होती: पाया इतका पसरट ठेवायचा की पाण्याला लांबून यावं लागावं आणि येईपर्यंत त्याचा जोर सरावा. म्हणूनच मागच्या बाजूने पाळ कोरून कुणी गोठ्याला जागा केली, बांधी दोन हात आत सरकवली, घरासाठी मुरूम खणून नेला, तर त्याने पाळीची मातीच फक्त नेली नाही, पाण्याची वाट आखूड करून दिली.

दुसरी कमजोर जागा म्हणजे तुडूम. पाळीच्या आरपार काहीही गेलं, दगडी मोरी असो की सिमेंटचा पाइप, तर त्याच्या अंगालगतची माती कधीच बाकीच्या पाळीइतकी घट्ट बसत नाही. पाणी पाइपातून जातं तसं पाइपाच्या बाहेरूनही वाट शोधतं. पानशेत आठवावं. १२ जुलै १९६१च्या सकाळी फुटलेलं ते धरण मातीचं होतं आणि पहिल्यांदाच भरत होतं. पाणी सोडण्याच्या मोरीचं काम अपुरं होतं, तिच्या वरचा भराव खचत गेला, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून माथा उंच ठेवण्याची शर्थ केली. माथा पाण्याखाली गेला आणि पुणं बुडालं. गावच्या तलावात जुनं तुडूम काढून नवा पाइप टाकतात तेव्हा पाळ उभी चिरावी लागते. ती चीर बुजवताना माती थराथराने, योग्य ओलीवर, धुमसून बसवायला हवी. योग्य ओल म्हणजे किती, हे १९३३ साली प्रॉक्टर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने प्रयोगाने दाखवलं: फार कोरडी माती दबत नाही, फार ओली घसरते, मधे एक नेमकी ओल असते जिच्यावर तीच माती सर्वांत घट्ट बसते. मे महिन्याच्या उन्हात ट्रॉलीने कोरडी ढेकळं ओतून वरून जेसीबीचं बकेट आपटलं की ती ओल येत नाही. जूनमध्ये पाणी चढतं आणि चिरेपाशी पहिली ओल दिसते.

मातीची जातही पाहावी लागते. आमच्याकडे जमिनीला नावं आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी. कन्हार काळी, चिकण, पाणी धरणारी. पण वैशाखात ती हात जाईल एवढी भेगाळते. पाळीच्या पोटात कन्हार असली तर वर मुरमाचं पांघरूण हवं, नाहीतर उन्हाळ्याच्या भेगा पहिल्या मोठ्या पावसातल्या पाण्याच्या वाटा होतात.

आणि मग माथ्यावरून पाणी. मातीचा बांध पाझर सोसतो, पण अंगावरून गेलेलं पाणी सोसत नाही. ते आधी मागच्या उताराचं गवत, मग माती आणि मग सगळंच घेऊन जातं. म्हणून सांडवा, ज्याला आम्ही सलंग म्हणतो, तो पाळीचा प्राण. आज जिल्ह्यात कुठल्याही मामा तलावावर जा आणि आधी सांडवा पाहा. कुठे सांडव्याच्या पुढची नाली नांगरून बांध्या केलेल्या दिसतील. कुठे चार आणे पाणी जास्त साठावं म्हणून पोती रचलेली. कुठे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी, आणि जाळीत अडकलेली जलपर्णी आणि बेशरमाचे दांडे. यातल्या प्रत्येकामागे कुणाची तरी खरी गरज आहे. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या संस्थेने बोटुकल्यांवर पैसे घातलेले असतात, शेतकऱ्याला शेवटचं पाणी हवं असतं. पण जाळी लावायची तर पावसाच्या रात्री ती साफ करणारा माणूसही ठरवायला हवा. ढिवरांइतकं तलावाच्या जवळ रोज कुणी जात नाही. तलावाचं पाणी, त्यातल्या वनस्पती, मासे आणि पाळ यांना एकत्र पाहून काम करता येतं, हे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्याच ज्ञानावर उभं राहून दाखवलेलं आहे.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, लहान, वीसेक वर्षांचं. खालच्या भेंदवाडीतली तेवीस माणसं वाहून गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्य होता. पण त्या गदारोळात एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. खेकडे, घुशी, उंदीर, साळिंदर मातीच्या बांधात बिळं करतात हे धरणांच्या देखभालीच्या पुस्तकांत लिहिलेलंच असतं. वाळवीची वारुळं, मेलेल्या झाडाचं कुजून पोकळ झालेलं मूळ, हेही त्याच यादीत. बीळ हे निसर्गाचं काम. ते जूनच्या आधी शोधून, खणून, माती ठोकून बुजवणं हे माणसाचं. खेकड्याचं नाव घेणाऱ्याला खरा प्रश्न हा विचारायला हवा होता की बिळं शोधायला शेवटचा कोण चालला होता, आणि कोणत्या तारखेला.

तिवऱ्यानंतर दोन वर्षांनी देशात धरण सुरक्षा कायदा आला, २०२१चा, ३० डिसेंबर २०२१पासून लागू. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, जबाबदार अधिकारी. महाराष्ट्रात तर नाशिकची धरण सुरक्षितता संघटना १९८०पासून हे काम करते आहे. पण कायदा कुणाला लागू आहे ते वाचा. पंधरा मीटरहून उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना, तेही लांबी, साठा वा पुराचा विसर्ग ठराविक मर्यादेपलीकडे असेल, किंवा पाया अवघड अथवा रचना वेगळी असेल तर. दहा मीटरच्या खाली कायद्याची नजर जातच नाही. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या मामा तलावांची आणि बोड्यांची पाळ या कायद्याच्या दृष्टीने धरणच नाही. उंचीवर मर्यादा घालण्यामागचं कारण समजतं, हजारो बांधांना तज्ज्ञ पुरणार नाहीत. पण झोपलेल्या माणसाच्या घरापासून पाळ शंभर पावलांवर असेल तर पाच मीटर पाणीही पुरेसं असतं. धोका मोजायचा तर खाली कोण राहतं ते आधी विचारायला हवं, आणि उंची नंतर.

गेल्या काही वर्षांत तलावांवर पैसा आला नाही असं नाही. २०१७मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि यंत्रं तलावांत उतरली. गाळ काढायलाच हवा. पण कुठला काढायचा नाही, हे यंत्र चालवणाऱ्याला कुणी सांगत नाही. पाळीच्या पाण्याकडच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं बसलेला चिकट गाळ म्हणजे तलावाला आतून बसलेलं अस्तर. ते पाझर रोखतं. ट्रॅक्टर पाळीवर सहज येतो म्हणून तिथूनच खणायला सुरुवात होते, अस्तर फाटतं, खालचा मुरूम उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात मागची बांधी अकारण ओली राहते. पायथ्यापासून चांगलं अंतर सोडूनच खणावं, मधल्या खोलगट भागातून आणि येव्याच्या तोंडातून. एवढं एक वाक्य कामाच्या आदेशात ठळक लिहिलं तरी पुष्कळ पाळी वाचतील.

गढूळ पाणी दिसल्यावर काय करावं, हेही लिहून ठेवतो, कारण दिवाळी अंक घरात वर्षभर राहतो. ज्या भोकातून पाणी येतंय ते दगड-चिंध्या कोंबून बंद करू नये. तिथे बंद केलेलं पाणी शेजारून फुटतं. भोकाभोवती पोत्यांचं कडं रचावं, विहिरीच्या काठासारखं, आणि आत पाणी चढू द्यावं. चढलेलं पाणी उलटा दाब देतं आणि नळीतला वेग कमी होतो. कड्यात आधी वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, वर दगड. पाणी येत राहील, पण निवळेल. निवळलं की वेळ मिळाला असं समजावं. त्याच वेळी सांडवा मोकळा करावा आणि तुडूम उघडून पातळी उतरवावी, पण सावकाश. फार झपाट्याने पाणी उतरलं तर पाण्याकडची भिजलेली माती आधार सुटून घसरते. आणि हे सगळं करण्याआधी पाळीखालची घरं रिकामी करावी. ऑगस्ट २०२२मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातलं कारम धरण गळू लागलं तेव्हा आधी खालची अठरा गावं हलवली, मग बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं. धरणाचं नुकसान झालं, माणूस एकही गेला नाही.

यंदा एप्रिलमध्ये मी गावी गेलो तेव्हा पुतण्याला घेऊन पाळीवर गेलो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी बरोबर घेतली होती. दोन टोकांना दोघं, नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं, आणि मधे पट्टी. सांडव्याच्या दगडापासून सुरू करून दर पंचवीस पावलांवर माथ्याची उंची मोजली. कुठलंही खातं न विचारता, दीडेकशे रुपयांच्या नळीने, एका सकाळीत होणारं काम आहे हे. मधोमध, जिथून बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर पाळ ओलांडतात, तिथे माथा दोन्ही बाजूंपेक्षा वीतभर खाली निघाला. मोठ्या पुरात पाणी आधी कुठून जाईल ते ती जागा सांगत होती, आणि तिच्या बरोबर खाली आमचं जुनं घर आहे.

त्या जागी मुरूम टाकून ठोकून घेतला. चार बिळं सापडली, तीही बुजवली. सांडव्याच्या नालीत मात्र अजून एक बांधी आहे. तिचा मालक माझा लांबचा काका लागतो. त्याच्याशी बोलणं चालू आहे. तो म्हणतो धान निघाल्यावर पाहू. पुतण्या पावसाळाभर मागच्या पायथ्यावरून फेरी मारत होता. जुलैच्या झडीत एका रात्री त्याचा फोन आला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, काका, मागे ओल आहे, पण पाणी निरमर आहे.